गेलेल्या दगडांची जागा

मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने तिच्याकडे राहिले होते. नातीला दोन महिने झाले, तिच्या मालीश-अंघोळीची, झोपेची घडी बसली, तेव्हा एका सकाळी जावई म्हणाले, "आई, तुम्ही आल्यापासून घर सोडून कुठे गेला नाहीत. इथून डिव्हायझिसला जाणारी बस एव्हबरीवरून जाते. तिथे दगडांचं मोठं वर्तुळ आहे. तुमच्या वावरात आहे ना, तसं."

लग्नानंतर ते पहिल्यांदा माझ्या माहेरी आले होते तेव्हा मी त्यांना आमच्या वावरातलं ते वर्तुळ दाखवलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं, याचंच मला जास्त वाटलं. डबा भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

माझं माहेर नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रस्त्यापासून थोडं आत. त्या सगळ्या पट्ट्यात अशी वर्तुळं आहेत. आमच्या वावरातलं असंच एक. काळ्या पाषाणाचे गुडघाभर गोटे एकमेकांना लागून गोल मांडलेले आणि मधे मुरूम-गोट्यांचा थोडा उंचवटा. म्हातारी माणसं ते "गवळ्यांचं" म्हणत. कोणे एके काळी गवळी राजे होते, त्यांनी गुरांसाठी हे गोल घातले, असं ती सांगत. आत कोणी काही पेरत नसे. आम्ही पोरं त्या दगडांवर बसून शिदोरी खायचो.

बस एव्हबरीला पोचली ती सरळ वर्तुळाच्या आतच. रस्ताच वर्तुळातून जातो. उतरले तर समोर एक जुना पब, पलीकडे गवताने शाकारलेली घरं, आणि घरांच्या मागे, कुंपणांच्या पलीकडे, मेंढ्या चरताहेत त्या हिरवळीत माणसाच्या दुप्पट उंचीचे करडे दगड उभे. डोळ्यांत एकदम मावेना. खंदक आणि बांध धरून हे सगळं आवार साडेअठ्ठावीस एकरांचं आहे. आमचं घरचं सगळं वावर मिळून अकरा एकर. त्याच्या अडीचपटीहून मोठी जागा माणसांनी गोल आखून घेतलेली, आणि तीही साडेचार हजार वर्षांपूर्वी.

बाहेरच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३० मीटर. त्यात मुळात शंभरेक दगड होते. दगडांचं याहून मोठं वर्तुळ जगात दुसरं नाही. त्याच्या आत आणखी दोन लहान वर्तुळं, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. बाहेरून खंदक आणि खंदकाच्या मातीचाच बांध. दक्षिणेकडून दगडांच्या दोन समांतर रांगा निघतात आणि सुमारे अडीच किलोमीटर जातात. त्याला वेस्ट केनेटची वाट म्हणतात. हे सगळं एका झटक्यात झालेलं नाही. इसवी सनापूर्वी २८५० ते २२०० या काळात पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे खणत होते, दगड आणत होते, उभे करत होते.

मी आधी खंदकाच्या काठावर गेले. आज तो निम्म्याहून जास्त भरलेला आहे, तरी खाली उतरायचं तर माझ्या गुडघ्यांना विचारावं लागलं असतं. हॅरॉल्ड सेंट जॉर्ज ग्रे या पुरातत्त्वज्ञांनी १९०८ ते १९२२ या काळात तो तळापर्यंत खणून पाहिला, तेव्हा मूळ खोली ९ मीटरच्या आसपास निघाली. म्हणजे तीस फूट. आमच्या वावरातली विहीर पस्तीस फुटांची आहे. ती खणताना घरात काय चाललं होतं ते मला आठवतं. घण, सब्बल, सुरुंगाची दारू आणि सहा माणसं दोन उन्हाळे राबली होती. इथल्या माणसांकडे लोखंड नव्हतं, तांबंही नव्हतं. हरणाच्या शिंगाची कुदळ करून त्यांनी खडूचा खडक फोडला आणि विहिरीएवढा खोल खंदक एक किलोमीटरहून जास्त गोल फिरवला. बांध तेव्हा खडूचा पांढराशुभ्र असणार. आता त्यावर गवत आहे.

मग दगडांकडे वळले. इथे दगडांना हात लावता येतो. दगडांभोवती कुंपण नाही, तिकीट नाही. दगडाला सार्सन म्हणतात. जवळच्या मार्लबरोच्या माळावरून तो आणलेला. छिन्नी लावून घडवलेला नाही, जसा मिळाला तसाच उभा केलेला. एका दगडाला बोट आत जाईल अशी भोकं होती. मला वाटलं पहारीने पाडली असतील. नंतर कळलं, दगड वाळू असताना, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, त्यातून झाडांची मुळं गेली होती, त्यांची ती भोकं. दगडाचा खालचा हातभर भाग गुळगुळीत आणि किंचित तेलकट होता. मेंढ्या तिथे अंग घासतात. त्या भोकांत लोकरीचे पांढरे धागे अडकले होते.

त्याच्या पुढे चालत गेले तर दोन दगडांच्या मधे एक वेगळीच वस्तू दिसली. गुडघ्याच्या वर येईल असा, वर निमुळता होत गेलेला काँक्रीटचा ठोकळा. आपल्याकडे हद्दीचा दगड असतो तसा. त्याच्यापुढे तेवढ्याच अंतरावर आणखी एक. मग एक खरा उंच दगड. मग पुन्हा दोन ठोकळे. एवढ्या जुन्या जागी हे सिमेंट कोणी लावलं असेल, असं वाटून मन खट्टू झालं. आमच्याकडे देवळाला ऑइल पेंट लावतात आणि जीर्णोद्धार म्हणतात, तसलंच काहीतरी असणार.

गावातच अलेक्झांडर कीलर यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे माझ्याच वयाची एक स्वयंसेवक बाई बसली होती. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला त्या ठोकळ्यांबद्दल विचारलं. ती उठली, मला भिंतीवरच्या नकाशापाशी घेऊन गेली आणि सावकाश म्हणाली, "तो दगड म्हणून लावलेला नाही. तिथे दगड होता आणि आता नाही, एवढंच तो सांगतो. खणलं तेव्हा तिथे दगडाचा खड्डा सापडला, दगड सापडला नाही. म्हणून खूण ठेवली."

मग तिने मला जे समजावून सांगितलं, आणि नंतर घरी मुलीने पुस्तकं आणून दिली त्यांत जे वाचलं, ते क्रमाने लिहिते.

दगड दोनदा गेले. पहिल्यांदा १४व्या शतकाच्या सुमारास. तेव्हा गावच्या लोकांनी दगडाशेजारी खड्डे खणले, दगड त्यांत आडवे केले आणि वर माती लोटली. ख्रिस्ती धर्माच्या लोकांना हे जुन्या देवांचे दगड नकोसे झाले असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. अशाच एका पुरलेल्या दगडाखाली १९३८ साली एका माणसाचा सांगाडा सापडला. त्याच्यापाशी १४व्या शतकाच्या सुरुवातीची चांदीची नाणी होती, एक लोखंडी कात्री होती आणि सळईसारखं एक टोकदार हत्यार होतं. त्यावरून तो न्हावी असावा, असं ठरलं. त्या काळात तिकडे न्हावीच शस्त्रक्रियाही करत. आमच्या गावातही गळू फोडायला न्हाव्यालाच बोलवत, ते मी पाहिलेलं आहे. दगड पुरताना तो अंगावर आला आणि माणूस गेला, असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. पुढे हाडांची तपासणी झाली तेव्हा चिरडल्याच्या खुणा ठामपणे दाखवता आल्या नाहीत. सांगाडा लंडनला नेला होता. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला, असंही समजत होते. १९९०च्या दशकात तो दुसऱ्या एका संग्रहालयात मिळाला.

दुसऱ्यांदा दगड गेले ते १७व्या आणि १८व्या शतकात, आणि या वेळी कारण धर्माचं नव्हतं. घरं बांधायला दगड हवा होता आणि शेतं मोकळी हवी होती. जॉन ऑब्री नावाचा गृहस्थ १६४९ साली शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि हे काय आहे ते त्याने ओळखलं. १६६३ साली त्याने राजा दुसऱ्या चार्ल्सला ही जागा दाखवली. तरी तोडफोड थांबली नाही. पुढे विल्यम स्टकली १७१९पासून काही वर्षं सतत येत राहिला. कोणता दगड कुठे उभा आहे, कोणता कधी आणि कोणी फोडला, हे त्याने मोजून, चित्रं काढून लिहून ठेवलं. त्याचं पुस्तक १७४३ साली निघालं. दगड कसा फोडत तेही त्याने पाहून लिहिलं आहे. दगडाखाली खड्डा करायचा, त्यात गवताचा पेंढा पेटवायचा, दगड तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची, आणि त्या रेघेवर घण घालायचा. दगड रेघेवर फुटतो. ते तुकडे मग घरांच्या भिंतींत जात. मी परत येताना त्या भिंती पाहिल्या. करडा सार्सन त्यांत लगेच ओळखू येतो.

हे ऐकताना माझं मन आमच्या विहिरीवर गेलं.

मी तिसरीत होते. विहिरीला पाणी लागलं आणि वरचा काठ बांधायची वेळ आली. आबाजींनी बंडी जुंपली आणि वर्तुळातले गोटे उपटून आणले. चांगले गोल, भक्कम, पिढ्यान्‌पिढ्या पाऊस-ऊन खाल्लेले दगड. विकत आणायचे तर पैसे नव्हते. मी बंडीवर बसून आले-गेले, मला ती मजा होती. आजी एकदा म्हणाली, "गवळ्यांचे गोटे आहेत ते, नका आणू." आबाजी म्हणाले, "गवळी पाणी प्यायला येतील तर त्यांनाही देऊ." त्या विहिरीच्या पाण्यावर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं. म्हणून त्या इंग्रज शेतकऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. पोटासाठी आणि घरासाठी माणूस जवळचा दगड उचलतो. नुकसान मात्र नुकसानच राहतं, आणि ते कबूल करायला हवं.

एव्हबरी वाचलं ते कोणीतरी ते कबूल केलं म्हणून. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तुळातल्या जमिनीवर घरांचे प्लॉट पडणार होते. जॉन लबक या संसदसदस्याने ती जमीन विकत घेतली. याच लबक यांच्या खटपटीने १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला.

त्यानंतर आले अलेक्झांडर कीलर. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मार्मालेडच्या धंद्यातला पैसा त्यांच्याकडे होता आणि तो त्यांनी एव्हबरीवर घातला. आधी जवळची विंडमिल हिल ही टेकडी विकत घेऊन तिथे उत्खनन केलं. १९३४ आणि १९३५ साली वेस्ट केनेटच्या वाटेचा भाग खणला आणि तिथले पडलेले दगड उभे केले. मग १९३७, १९३८ आणि १९३९ असे तीन उन्हाळे वर्तुळाचा एकेक भाग घेतला.

ते काम कसं केलं, हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. दगड दिसत नाही, पण त्याची जागा जमिनीत राहते. खडूची जमीन पांढरी. त्यात एकदा खड्डा खणून बुजवला की आतली माती कायम वेगळी दिसते. आपल्याकडे जुनं पेव बुजवलेलं असतं त्या जागी पीक वेगळं येतं, तसंच हे. दगड जिथे उभा होता त्या खड्ड्याच्या तळाला त्याच्या वजनाने खडू दाबला गेलेला असतो. कडेने पाचरीसारखे ठोकलेले लहान दगड असतात. जिथे दगड जाळून फोडला तिथे जळक्या पेंढ्याचा काळा थर आणि सार्सनच्या चिपा मिळतात. आणि जिथे पुरला तिथे दगडच मिळतो, सहाशे वर्षं आडवा पडलेला, त्याच्या मूळ खड्ड्याशेजारीच. असा दगड कीलर यांनी तारदोर, लाकडी ओंडके आणि मजुरांच्या बळावर त्याच खड्ड्यात पुन्हा उभा केला आणि बुडाशी काँक्रीट भरलं. फुटलेल्या दगडाचे तुकडे मिळाले तर ते जोडले. आणि जिथे नुसता खड्डा मिळाला, दगड मिळाला नाही, तिथे दुसरीकडून दगड आणून बसवला नाही. काँक्रीटचा ठोकळा ठेवला आणि पुढे गेले.

म्हणजे मला जो ठोकळा ऑइल पेंटसारखा वाटला होता, तोच त्या कामातला सगळ्यात प्रामाणिक भाग निघाला. पाहणाऱ्याला तिथे उभं राहून स्वतः मोजता येतं, किती दगड खरे आहेत, किती गेले. दक्षिणेच्या वर्तुळाच्या मधोमध एक सगळ्यात मोठा दगड होता. तो स्टकलीने पडलेला पाहिला होता, नंतर तो फोडला गेला. तिथे आज एक मोठा ठोकळा आहे. मी डबा उघडून त्याच्याजवळ बसून जेवले. समोर मेंढी आणि तिचं कोकरू होतं.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्तुळ मोकळं करण्यासाठी कीलर यांच्या काळात आणि नंतरही आतली कित्येक घरं, गोठे, कोठारं पाडली गेली. ती माणसं जवळच्या एव्हबरी ट्रस्लोला नव्या घरांत गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना एक वर्ष धरणात गेलेल्या गावच्या पुनर्वसनात शिकवलं आहे. नवीन घर चांगलं असतं, पण आपलं अंगण गेलेल्या म्हातारीचा चेहरा मला माहीत आहे. दगड परत उभे राहिले याचा आनंद मानताना त्या घरांचीही एक खूण कुठेतरी हवी होती, असं मला वाटलं.

कीलर यांना काम पुरं करता आलं नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं. १९४३ साली त्यांनी ही सगळी जागा नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना दिली, त्यांनी केलेल्या खर्चाच्या मानाने फार थोड्या पैशांत. ते १९५५ साली वारले. त्यांच्या उत्खननाचा सविस्तर अहवाल इझोबेल स्मिथ या विदुषीने १९६५ साली प्रसिद्ध केला. खणणं आणि लिहिणं यांत पंचवीस वर्षांहून जास्त अंतर पडलं. त्या अहवालाशिवाय ठोकळे मुके राहिले असते.

वर्तुळाचा ईशान्येचा भाग आजही जवळजवळ न खणलेलाच आहे. तिथे गेलात तर दोन-चार दगड आणि बाकी गवत. मला वाटलं, इथलं काम निधी नाही म्हणून अडलं असेल. पण तसं नाही. २००३ साली यंत्रांनी जमिनीची पाहणी झाली, न खणता. तेव्हा वर्तुळाच्या जागी निदान १५ दगड जमिनीत पुरलेले आहेत, हे दिसलं. ते कुठे आहेत हे कळलं आणि ते तिथेच राहू दिले. २०१७ साली याच पद्धतीने दक्षिणेच्या वर्तुळात दगडांचा एक चौकोन मिळाला. त्याच्या मधोमध कीलर यांनी १९३९ साली एका लहान बांधकामाच्या खुणा पाहिल्या होत्या आणि ते मध्ययुगातल्या गाडीखान्याचं बांधकाम समजले होते. आता अभ्यासकांना वाटतं, ते वर्तुळाच्याही आधीचं, नवाश्मयुगातलं घर असावं. घराच्या आठवणीभोवती चौकोन आणि चौकोनाभोवती वर्तुळ. जमिनीत जे राहू दिलं त्यातून पुढच्या पिढीला नवीन काही कळतं. सगळं आजच उकरून काढलं तर पुढच्यांना काय उरणार?

त्या दिवशी संग्रहालयातल्या त्या बाईला मी मोबाइलमध्ये आमच्या वर्तुळाचा फोटो दाखवला. "म्हणजे तुमच्याकडेही असंच आहे," ती म्हणाली. मी हो म्हणाले. पण ते उत्तर अर्धवट होतं, हे मला नंतर कळलं.

जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही असंच वाटलं होतं. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजात आमच्या गावची कितीतरी मुलं शिकली, ते ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी. टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला ते गेले होते आणि परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या नाल्यात बुडाले. चार वर्षांनी, १८६७ साली, रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं उघडली. तिथल्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ब्रिटनमधल्या जुन्या दगडांवरही तसेच खळगे आहेत, म्हणून दोन्हीकडचे लोक एकच असावेत असा त्यांचा अंदाज होता.

पुढच्या उत्खननांनी तो अंदाज बाजूला सारला. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळं आहेत. तिथे १९६०च्या दशकात बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरी इथे खणलं. आमच्याकडची वर्तुळं ही थडगी आहेत. आत माणसाची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले मिळाले. माहूरझरीला माणसाबरोबर पुरलेले घोडे, त्यांचे लोखंडी लगाम आणि तोंडावरचे तांब्याचे दागिने मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ही माणसं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. एव्हबरीचे दगड उभे राहिले तेव्हापासून आमच्या पहिल्या वर्तुळापर्यंत हजार वर्षांहून जास्त काळ गेला होता. एव्हबरीत लोखंड नाही, घोडा नाही, आणि ती स्मशानाची जागाही नव्हे. आकार एक, अर्थ वेगळे. "असंच आहे" म्हणण्याआधी इतकं तरी जाणून घ्यायला हवं होतं.

आणि दुसरंही कळलं. लहानपणी ज्या दगडांवर बसून मी शिदोरी खाल्ली ते कोणाच्या तरी माणसाचं थडगं होतं. त्याच्या घरच्यांनी त्याच्याबरोबर त्याची कुऱ्हाड, कदाचित त्याचा घोडाही ठेवला होता. गवळी राजे नसतील, पण गुराढोरांची, घोड्यांची माणसं होती. गावच्या गोष्टीत त्यांची एवढी आठवण उरली होती.

दिवाळीनंतर परत आले आणि माहेरी गेले. वही आणि दोरी घेऊन वावरात निघाले. भाऊ मागून आला. "ताई, काय करून राहिली? गोटे मोजून राहिली काय?" मी म्हटलं, दोरीचं एक टोक धर. वर्तुळ आरपार तेरा मीटर भरलं. कडेचे दगड जागेवर आहेत ते तेवीस. पश्चिमेची बाजू जवळजवळ रिकामी. मग विहिरीवर गेलो. काठातले चौदा दगड दोघांनी ओळखले. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला मातीत गाडलेल्या भागाचा फिका रंग अजून आहे.

भाऊ म्हणाला, "चौदाही काढून नेऊन लावून देऊ. ट्रॅक्टर आहेच." त्याच्या मनातलं चांगलं होतं. पण कोणता दगड कुठला, हे आता कोणाला माहीत आहे? अंदाजाने लावले तर ते वर्तुळ आमचं होईल, त्यांचं राहणार नाही. आणि लावायला खणलं तर खालच्या जागेची खूण मोडेल. कीलर यांनी आधी खड्डा शोधला, मग दगड उभा केला. तो खड्डा शोधणं हे जाणत्या माणसाचं काम आहे, आपलं नाही. आपलं काम एवढंच की तोवर आहे ते मोडू द्यायचं नाही. भावाने वर्तुळाच्या बाहेर तीन हात जागा सोडून धुऱ्यासारखी रेघ मारली. नांगर त्याच्या आत जाणार नाही, असं त्याने मुलालाही सांगितलं.

मी वहीतल्या आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. दगड होते तिथे गोल, रिकाम्या जागी फुली. विहिरीतल्या चौदा दगडांचे फोटो आणि ते कोणत्या साली, कोणी, का नेले, हे खाली लिहिलं. आबाजींचं नाव लिहिलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लपवण्यासारखं तर नाहीच. एक प्रत पुरातत्त्व खात्याला पाठवली.

विदर्भात ज्यांच्या वावरात, माळावर, लेआउट पडायच्या जागी अशी वर्तुळं आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुरमासाठी मधला उंचवटा उकरू नका. दगड हलवू नका आणि हौसेने रचूही नका. आत काही सापडलं तर घरी ठेवू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, तसा कायदाच आहे. आणि काहीच करता आलं नाही तर निदान मोजा, फोटो काढा, लिहून ठेवा. दगड आधीच गेले असतील तर ते कुठे गेले हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.

आमचा नकाशा भावाकडे सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे. त्यावर तेवीस गोल आहेत आणि बाकी फुल्या. वावर पुढे ज्याच्या नावावर होईल त्याला सातबाऱ्याबरोबर तो कागदही मिळेल.